क्षमा म्हणजे उत्तर नव्हे

दक्षिण कोकणात देवालाही प्रश्न विचारण्याची रीत आहे. गावावर अरिष्ट आले, घरात तंटा उपजला, की माणूस ग्रामदेवतेच्या देवळात जातो, गाऱ्हाणे घालतो आणि कौल लावतो. देव उजवा कौल देतो किंवा डावा देतो. विचारलेला प्रश्न बाजूला सारून तो आपल्या पराक्रमाचे व्याख्यान ऐकवीत नाही. ज्या मुलखात देवही उत्तराला बांधलेला आहे, त्याच मुलखाच्या किनाऱ्यावर, मालवणच्या राजकोट किल्ल्यावर, देशाच्या पंतप्रधानांनी अनावरण केलेला शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला. त्याबद्दल पंतप्रधानांकडून जनतेला काय मिळाले? क्षमायाचना मिळाली. उत्तर मिळाले नाही.

घटनाक्रम सर्वांना ठाऊक आहे; तरी तो सरळ मांडून ठेवलेला बरा. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या निमित्ताने पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते या पुतळ्याचे अनावरण झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, तो जमीनदोस्त झाला. पुरते नऊ महिनेही तो टिकला नाही. समोर भर समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. त्याचा पाया १६६४ साली घातला गेला. साडेतीनशेहून अधिक पावसाळे त्याने अंगावर घेतले आहेत. वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता, असे कारण तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सांगितले. दर्यावर जाणाऱ्या कोणाही गाबिताला विचारावे: श्रावणात या किनाऱ्यावर असा वारा वाहणे ही काय बातमी आहे? पुतळ्याचे नटबोल्ट गंजत असल्याचे आपण काही दिवस आधीच नौदलाला लिहून कळवले होते, असे सार्वजनिक बांधकाम खात्याने मागाहून सांगितले. म्हणजे वारा अनपेक्षित नव्हता आणि गंजही अज्ञात नव्हता.

चार दिवसांनी, ३० ऑगस्टला, पंतप्रधान पालघर जिल्ह्यात आले. निमित्त होते वाढवण बंदराच्या पायाभरणीचे. या बंदराला तिथल्या मच्छीमारांनी वर्षानुवर्षे विरोध केला आहे. त्या समारंभात पंतप्रधानांनी शिवछत्रपतींची आणि शिवभक्तांची नतमस्तक होऊन क्षमा मागितली. त्याच भाषणात, सावरकरांचा अपमान करूनही क्षमा न मागणाऱ्या विरोधकांवर त्यांनी टीकाही केली. क्षमा आणि प्रहार एकाच श्वासात उरकले गेले, टाळ्या पडल्या आणि प्रकरण मिटले असे मानण्यात आले.

क्षमा मागणे वाईट, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. सत्ताधीशाला क्षमा मागावीशी वाटली तर ते चांगलेच. आमचा आक्षेप ती कोठे मागितली, यावर आहे. जाहीर सभेतल्या श्रोत्याला टाळी वाजवता येते, फार तर उठून जाता येते. उपप्रश्न विचारता येत नाही. पुतळा अमुकच दिवशी उभा राहिला पाहिजे, हा निर्णय कोणी घेतला? त्या घाईने बांधकामातली कोणती तपासणी गाळली गेली? नौदल आणि बांधकाम खाते यांच्यात जबाबदारीची वाटणी काय होती? गंजाचे पत्र पोचल्यावर ते कोणी वाचले आणि काय केले? शिल्पकाराला आणि बांधकाम सल्लागाराला अटक झाली, तांत्रिक समिती नेमली गेली. परंतु समिती सांगणार ती लोखंड का गंजले ते. घाई कोणाची होती, हे राजकीय नेतृत्वानेच सांगायचे असते. आणि ते सांगण्याची जागा घटनेने सभागृह ही ठरवून दिलेली आहे.

दोन क्षमा, दोन्ही सभागृहाबाहेर

ही पहिली क्षमा नव्हती, म्हणूनच तिची अधिक चिकित्सा करणे भाग आहे. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेचे पावसाळी अधिवेशन भरले. करोनाचे कारण सांगून त्या अधिवेशनातून प्रश्नोत्तरांचा तास वगळण्यात आला. लेखी उत्तरे तेवढी शिल्लक राहिली. त्याच अधिवेशनात शेतीविषयक तीन विधेयके मंजूर झाली. राज्यसभेत तर त्यांपैकी दोन विरोधकांची मतविभागणीची मागणी डावलून, आवाजी मतदानाने मंजूर ठरली. पुढे शेतकरी वर्षभर दिल्लीच्या सीमेवर बसले. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून देशाची क्षमा मागून कायदे मागे घेत असल्याचे जाहीर केले आणि २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी चर्चेविनाच ते रद्द केले. म्हणजे कायदे आले ते प्रश्नाविना आणि गेले ते चर्चेविना. मंत्र्याला समोरासमोर खडसावून विचारण्याची सोय त्या अधिवेशनात असती, तर हे कायदे आले तसेच मंजूर झाले असते काय? निदान त्यांतील दोष वर्षभराच्या सत्याग्रहाआधी दिसले असते.

मणिपूरचेही असेच झाले. ३ मे २०२३ पासून ते राज्य पेटले होते. पंतप्रधानांनी त्यावर सभागृहात बोलावे, एवढ्यासाठी विरोधकांना अविश्वासाचा ठराव आणावा लागला. ते बोलले १० ऑगस्टला, दोन तासांहून अधिक वेळ. पण भाषण म्हणजे उत्तर नव्हे. भाषणाची लांबी वक्ता ठरवतो. उत्तराची लांबी प्रश्न ठरवतो.

उपप्रश्नाचे सामर्थ्य

वाचकांपैकी पुष्कळांना संसदेचे कामकाज म्हणजे केवळ गोंगाट वाटतो. म्हणून प्रश्नोत्तरांचा तास म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. लोकसभेत रोज वीस प्रश्न तोंडी उत्तरासाठी घेतले जातात. त्यांवर तारकेची खूण असते म्हणून ते तारांकित. छापील उत्तर खात्यातला अधिकारी तयार करतो. खरी कसोटी त्यानंतर लागते. सदस्य उठून उपप्रश्न विचारतो आणि त्याचे उत्तर मंत्र्याला स्वतःच्या बुद्धीने द्यावे लागते. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे म्हणून मंत्री निसटला, तर ते आश्वासन समजले जाते आणि त्याचा पाठपुरावा करायला १९५३ पासून आश्वासन समिती आहे. सत्तेला बांधून ठेवणारी याहून साधी आणि याहून चिवट दोरी लोकशाहीला अजून सापडलेली नाही.

१९५७ साली आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे का गुंतवले, हा विषय संसदेत निघाला तो प्रश्नाच्याच रूपाने. तो तडीला नेणारे फिरोझ गांधी हे सत्ताधारी पक्षाचे सदस्य आणि पंतप्रधानांचे जावई. न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहियांनी सामान्य भारतीय रोज तीन आण्यांवर जगतो असे सभागृहात ठणकावले, तेव्हा नेहरूंनी पंधरा आण्यांचा हिशेब मांडला. हिशेब कोणाचा खरा, यावर देशभर वाद झाला. लक्षात ठेवायचे ते हे, की पंतप्रधानांना आपला आकडा सभागृहात सांगावा लागला आणि तो तिथेच खोडला गेला.

हा मुलूख त्या परंपरेला परका नाही. वेंगुर्ल्यात जन्मलेले बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून १९७० पर्यंत राजापूर मतदारसंघातून लोकसभेत होते. नेहरू, शास्त्री आणि इंदिरा गांधी अशा तीन पंतप्रधानांच्या समोरच्या बाकावर ते बसले. त्यांच्यानंतर मधु दंडवते १९७१ ते १९९१ अशी सलग वीस वर्षे याच मतदारसंघाचे प्रतिनिधी होते. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि दंडवते बंगळूरच्या तुरुंगात गेले. जुलैमध्ये भरलेल्या अधिवेशनात इंदिरा गांधींच्या सरकारने प्रश्नोत्तरांचा तास स्थगित केला. प्रश्न विचारणारा तुरुंगात आणि प्रश्नाचा तास रद्द: या दोन घटना एकाच पावसाळ्यात घडाव्यात, हा योगायोग नव्हता.

यावरून हेही स्पष्ट व्हावे, की हा रोग एका पक्षाचा नाही. ५ आणि ६ जुलै २०२१ रोजी महाविकास आघाडीच्या सरकारने विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन दोन दिवसांत उरकले. पुढे महायुतीने त्यावर ताण केली. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरला ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला १५ तारखेला, अधिवेशन सुरू झाले १६ला आणि खातेवाटप झाले २१ला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. ज्याला खातेच नाही त्याला प्रश्न कोणता विचारणार? राजकोटचा पुतळा पडल्यानंतरचे राज्याचे हे पहिले हिवाळी अधिवेशन! संसदेचे म्हणाल तर ती पुतळा पडण्याआधीच, ९ ऑगस्टला, उठली होती. ती पुन्हा भरली २५ नोव्हेंबरला, महाराष्ट्राच्या निवडणुकीचा निकाल लागल्यावर दोन दिवसांनी.

समर्थकांचे युक्तिवाद

पहिला युक्तिवाद असा, की पंतप्रधानांनी प्रत्येक नटबोल्टची माहिती ठेवावी ही अपेक्षा अवास्तव आहे. ती आम्ही करीत नाही. परंतु अनावरणाचे श्रेय स्वतः घ्यायचे आणि पतनाचे उत्तर खात्याने द्यायचे, ही वाटणी न्याय्य नाही. दुसरा युक्तिवाद असा, की पंतप्रधानांकडील खात्यांची उत्तरे राज्यमंत्री देतातच. देतात, हे खरे. २०१४ नंतर तोच परिपाठ झाला आहे आणि आधीच्या सरकारांतही तो पुष्कळसा होता. पण लोकसभेत बुधवार आणि राज्यसभेत गुरुवार हे पंतप्रधानांच्या खात्यांचे वार ठरवले आहेत ते पंतप्रधानांसाठी. ब्रिटनमध्ये १९६१ पासून पंतप्रधानांच्या प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवलेला आहे. १९९७ पासून तो दर बुधवारी अर्धा तास असतो. ज्या देशाकडून आपण ही पद्धत घेतली, त्याचा पंतप्रधान आठवड्यातून एकदा उलटतपासणीला उभा राहतो. आपल्याने का राहू नये?

तिसरा युक्तिवाद मात्र विरोधकांनीही मनावर घ्यावा: प्रश्नोत्तरांचा तास विरोधकच बंद पाडतात. हे अनेकदा खरे आहे. फलक फडकवून जो तास वाया जातो तो सरकारचा वाया जात नाही, आपला जातो. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या. सतराव्या लोकसभेच्या अवघ्या २७४. इतके थोडे दिवस हाती असताना त्यांतला एकही प्रश्न घोषणांना बळी देणे हा करंटेपणा आहे.

म्हणून मागणी नेमकी आहे. पंतप्रधानांनी दर आठवड्याला अर्धा तास, आणि मुख्यमंत्र्यांनीही तसाच, स्वतः प्रश्नांना उत्तरे द्यावीत. संसद आणि विधिमंडळ यांच्या बैठकांची किमान संख्या कायद्याने ठरवावी. प्रश्नोत्तरांचा तास कोणत्याही कारणाने वगळता येणार नाही, अशी नियमात दुरुस्ती करावी.

हे वरून होणार नाही. ११ मे २०२५ रोजी राजकोटावर नवा, सुमारे साठ फुटी पुतळा उभा राहिला आहे. तो टिकावा ही आमची मनापासून इच्छा आहे. परंतु पहिला का पडला याचे उत्तर दुसऱ्याच्या उंचीने मिळत नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या मतदारांनी आपल्या खासदाराला आणि आमदाराला दारात आल्यावर एवढेच विचारावे: या प्रकरणी तुम्ही सभागृहात कोणता प्रश्न विचारलात, उत्तर काय आले आणि त्यावर उपप्रश्न कोणता केलात? प्रश्न न विचारणारा प्रतिनिधी आपण निवडून दिला, तर उत्तर न देणारा पंतप्रधान मिळाल्याची तक्रार करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. क्षमा ही देणाऱ्याघेणाऱ्याच्या मर्जीची गोष्ट आहे; उत्तर हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तो मागूनच घ्यावा लागतो.