गेम कन्सोलच्या दुरुस्तीवरची कुलपे काढा





‘बोर्ड गेलाय, दुरुस्तीपेक्षा नवाच घ्या’ असं ऐकून हिरमुसलेली माणसं कन्सोल पिशवीत घालून आमच्याकडे येतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सचा जो बाजार आहे, तिथे मी गेम कन्सोल दुरुस्त करतो. बोर्ड खरोखरच गेलेला असतो असंही होतं. पण बऱ्याचदा बिघाड काहीशे रुपयांच्या एखाद्या भागाचा निघतो आणि कित्येकदा तर भागही बदलावा लागत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढी महागडी वस्तू न उघडताच बाद ठरवणं हा ग्राहकावर अन्याय आहे आणि त्याचं मूळ यंत्राच्या रचनेत आहे.

चित्र येत नसेल तर आधी टीव्हीचं इनपुट आणि केबल बदलून पाहावी. मग टॉर्च मारून कन्सोलच्या मागचं एचडीएमआय पोर्ट बघावं. आत बारीक पिना असतात. केबल लावलेली असतानाच कन्सोल ओढला तर त्यातली एखादी वाकते किंवा पोर्टचे सोल्डरचे डाग सुटतात. दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा मात्र काळा. जुनं पोर्ट हॉट एअरने काढून नवं बसवणं हे सरावलेल्या हाताचं काम आहे, पण त्यासाठी बोर्ड बदलायची गरज नसते. खेळता खेळता कन्सोल तापून बंद पडत असेल तर तो शोकेसच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा आणि धूळ साफ करा. प्लेस्टेशन ५ मध्ये धूळ साठण्यासाठी दोन कप्पे दिले आहेत आणि बाजूचं झाकण काढलं की व्हॅक्यूम क्लीनरने ती ओढून घेता येते. ही सोय चांगली आहे, तिचं श्रेय सोनीला द्यायलाच हवं.

सुरू होताना अडकणाऱ्या प्लेस्टेशनला सेफ मोडमध्ये न्यावं लागतं. बंद असताना पॉवरचं बटण दुसरा बीप ऐकू येईपर्यंत दाबून धरायचं आणि कंट्रोलर वायरने जोडायचा. इथे निम्मे लोक अडतात, कारण हाताशी असलेली केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यातून डेटा जातच नाही. कंट्रोलर ओळखला गेला नाही की माणूस समजतो, कन्सोलच मेला. केबल बदलून डेटाबेस रिबिल्ड केला की पुष्कळ कन्सोल जागे होतात, गेमही जात नाहीत. इनिशियलाइजचा पर्याय मात्र सगळं पुसतो, त्याला घाईने हात लावू नये.

माझी खरी तक्रार यापुढे सुरू होते. कंट्रोलरला हात न लावता खेळाडू आपोआप एका बाजूला चालू लागतो, त्याला ड्रिफ्ट म्हणतात. अंगठ्याने फिरवायच्या काडीखालचा, म्हणजे स्टिकखालचा, पोटेन्शिओमीटर उघडला की कार्बनच्या पट्टीवर झिजलेला चरा दिसतो, भोवती काळी भुकटी. घासून झिजणारा भाग आहे, तो झिजणारच. २०१७ मध्ये आलेल्या निन्टेन्डो स्विचच्या कंट्रोलरबाबत एवढा गदारोळ झाला की २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांना ग्राहकांची माफी मागावी लागली. सेगाने १९९८ मध्ये आणलेल्या ड्रीमकास्टच्या काडीत चुंबकीय सेन्सर होते, तिथे ही घासाघीस नव्हती. म्हणजे उपाय जुना आहे. झिजणारा भाग वापरायचाच, तर निदान तो बदलता यावा. प्लेस्टेशनच्या साध्या कंट्रोलरमध्ये ही काडी डझनाहून जास्त ठिकाणी डाग देऊन बसवलेली असते. त्याच कंपनीच्या महागड्या ड्युअलसेन्स एजमध्ये मात्र अख्खं मॉड्यूल ग्राहक स्वतः काढून नवं लावू शकतो. जे महागड्यात जमतं ते साध्यात का जमू नये?

डिस्क ड्राइव्हचं तर याहून वाईट. बऱ्याच कन्सोलमध्ये ड्राइव्हचं सर्किट मुख्य बोर्डाशी सांकेतिक किल्लीने जोडलेलं असतं. ड्राइव्ह बिघडला म्हणून तशाच दुसऱ्या कन्सोलचा चांगला ड्राइव्ह बसवला, तरी गेमची डिस्क चालत नाही. चोरीच्या डिस्क रोखायला हे करावं लागतं, असं कंपन्या सांगतात. चोरी रोखायला माझाही पाठिंबा आहे. पण नवा ड्राइव्ह जोडून घ्यायची अधिकृत सोय दिली तर त्यात चोरी कुठे होते? अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयानेही २०२१ मध्ये कन्सोलच्या ड्राइव्हच्या दुरुस्तीपुरती हे कुलूप उघडायची मुभा दिली. त्याआधी २०१८ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने ‘स्टिकर फाटलं की वॉरंटी संपली’ या धमकीबद्दल ज्या कंपन्यांना ताकीद दिली, त्यांत सोनी, मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो होत्या.

सुरक्षिततेचा मुद्दा मला मान्य आहे. पॉवर सप्लाय घरी उघडू नयेच, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज राहते. प्लेस्टेशन ५ च्या प्रोसेसरवर वीजवाहक द्रवधातू असतो, तो सांडला तर बोर्ड शॉर्ट होऊ शकतो. म्हणूनच कंपनीने दुरुस्तीची पुस्तिका आणि अस्सल भाग बाजारात द्यायला हवेत. ते मिळत नाहीत म्हणून आम्ही भंगारातल्या कन्सोलचे भाग काढून लावतो. यात ग्राहक सुरक्षित कसा?

रेटा लावला की कंपन्या हलतात. एक्सबॉक्स ३६० च्या लाल दिव्यांचा बिघाड गाजला तेव्हा मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला ठेवली.

आपल्याकडे ई-कचरा नियम, २०२२ च्या यादीत व्हिडिओ गेमचा समावेश आहे. म्हणजे कन्सोलचा कचरा होतो हे सरकारला ठाऊक आहे. पण केंद्राच्या समितीने मे २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात वस्तू किती सहज दुरुस्त होते हे सांगणाऱ्या दुरुस्तीयोग्यता निर्देशांकाची सुरुवात फोन आणि टॅब्लेटपासून करायची शिफारस आहे, कन्सोल बाहेरच राहिले. ग्राहक व्यवहार खात्याने पुढच्या टप्प्यात कन्सोल आणि कंट्रोलर यांना या निर्देशांकात घ्यावं आणि काडी, पोर्ट व ड्राइव्ह हे तीन भाग खुल्या बाजारात विकणं बंधनकारक करावं. तोवर ग्राहकांनी ‘बोर्ड गेला’ एवढ्यावर परत फिरू नये. नेमका कोणता भाग गेला ते लेखी मागावं आणि दिलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

आपला,
एक कन्सोल दुरुस्ती कारागीर,
बुधवार पेठ, पुणे