सूप ‘घरकाम’ आणि यंत्र ‘शोध’?

धान्यशुद्धीचे तंत्र पाश्चात्त्य गिरण्यांनी जगाला दिले, असे आजही बिनदिक्कत सांगितले जाते. उदाहरण ठरलेले: १८७० च्या दशकारंभी अमेरिकेतील मिनियापोलिसच्या गिरणीत एडमंड ला क्रॉय यांनी उभारलेले रवा शुद्ध करणारे यंत्र. हलत्या चाळणीतून हवा वर खेचली जाई. हलका कोंडा उडे, जड रवा खाली गळे. यंत्र कल्पक होते, यात शंका नाही. पण तत्त्व नवे होते काय?

कर्जत तालुक्यातील शेलूचा भातपट्टा पाहावा. १८५६ मध्ये कल्याण-खोपोली लोहमार्ग येथून गेला, तेव्हा कोकणात भात घिरटावर भरडत, उखळात सडत आणि सुपात पाखडत. पाखडताना तूस वाऱ्यावर जाते, आसडताना कण्या सुटतात, घोळताना खडे वेगळे पडतात. वजन, आकार, हवा या तिन्ही कसोट्या एकाच मनगटात! (घोळणे सोपे वाटणाऱ्यांनी एकदा सूप हाती घ्यावे.)

तरीही ला क्रॉय संशोधक ठरतात आणि सूपवाली ‘अकुशल’. उखळाचे कष्ट सुटले, हे उत्तमच झाले. मात्र भातगिरण्यांच्या इतिहासात वाचलेल्या वेळेचा हिशेब मांडतात. बायकांच्या बुडालेल्या कांडपाच्या मजुरीचा रकाना कोराच असतो.