फटफटीवर जाणाऱ्याचे कान

भगिनींनो, मोटारसायकलवर निघालेल्या माणसाला आपण दारातून किती सूचना देतो! हेल्मेट घ्या, हळू जा, पोचल्यावर कळवा. कानांबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून आज कानांविषयीच बोलू या.

समजा, तुमचे यजमान रोज नाशिकहून सिन्नरच्या कारखान्यात फटफटीवर जातात. तीसएक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. म्हणजे दिवसाचा तास-दीड तास रस्त्यावर जातो. डोक्यावर हेल्मेट आहे, तेव्हा कानही सुरक्षित आहेत असं आपण धरून चालतो. पण तसं नसतं, बरं का! हेल्मेट डोकं वाचवतं आणि ते घालायलाच हवं. आवाज मात्र ते फारसा अडवत नाही. गाडीचा वेग वाढला की वारा हेल्मेटवर आपटतो, हनुवटीखालून आत शिरतो आणि कानाशी घोंघावत राहतो. मोकळ्या रस्त्यावर इंजिनापेक्षा हा वाऱ्याचा आवाजच मोठा होतो. गाडी नवी कोरी असली तरी त्यातून सुटका नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत, ही तज्ज्ञांनी सांगितलेली मर्यादा. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास, ९४ ला १ तास आणि १०० ला जेमतेम पाव तास! ताशी ६०-७० किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आतला आवाज नव्वदीच्या घरात जातो, वेग वाढवला की आणखी चढतो. म्हणजे कानांच्या दिवसाच्या वाट्याचा मोठा भाग जाण्या-येण्याच्या प्रवासातच संपायचा. कारखान्यातल्या यंत्रांचा आवाज वेगळाच.

आपल्या आतल्या कानात केसांसारख्या अगदी नाजूक पेशी असतात. त्या एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत, आणि त्या परत आणणारं औषध नाही. सुरुवातीला जातात ते उंच, बारीक आवाज. स, श, फ अशी अक्षरं निसटतात. लहान मुलांचं आणि बायकांचं बोलणं ऐकू येतं, पण नीट कळत नाही. तेव्हा ‘ह्यांचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नसतं’ म्हणून रुसण्याआधी जरा विचार करा. टीव्हीचा आवाज वाढत चाललाय का? लग्नकार्याच्या गर्दीत ते सारखं ‘काय? काय?’ करतात का? गाडीवरून आल्यावर कानाला दडे बसतात, किंवा कानात कुईं आवाज येतो का? असं असेल तर कानाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्रीची तपासणी करून घ्या. वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

उपाय अगदी स्वस्त आहे. औषधांच्या दुकानात स्पंजचे इअरप्लग मिळतात. कापसाच्या बोळ्यानं काम भागत नाही, आवाज त्यातून सहज जातो. प्लग घालण्याची रीत अशी : हात स्वच्छ धुवा. प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवा. मग हेल्मेट घाला. मळलेला प्लग टाकून द्यावा. कान वाहत असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

‘मग हॉर्न कसा ऐकू येणार?’ असं ते विचारतीलच. प्लगनं आवाज बंद होत नाही, कमी होतो. वाऱ्याचा गोंगाट दबला तरी हॉर्न कळतो. मात्र बाजारातून सावकाश जाताना प्लगची गरज नसते; ते लांबच्या, वेगाच्या रस्त्यासाठी. गळ्याभोवती रुमाल नीट गुंडाळून टोकं आत खोचली, तर खालून शिरणारा वाराही कमी होतो. वेग कमी ठेवणं तर सगळ्यात उत्तम, त्यात पेट्रोलचीही बचत!

घरात कॉलेजातला मुलगा असेल तर दोन गोष्टी बजावून सांगा. हेल्मेटखाली गाण्याचे इअरफोन नकोत. वाऱ्यावर मात करायला तो आवाज वाढवत नेतो आणि कानांवर दुहेरी मारा होतो. दुसरं म्हणजे फाडफाड वाजणारा सायलेन्सर बसवायचा नाही. तो कायद्यात बसत नाही, आणि शेजारच्या तान्ह्या बाळाची झोप मोडते ती वेगळीच.

प्लगची एक जोडी छोट्या डबीत घालून गाडीच्या किल्लीजवळ ठेवा. हेल्मेटसारखीच तिचीही आठवण दारातून करून द्या. पहिले चार दिवस कुरकुर होईल, मग सवय होते. तुम्ही स्वतः स्कूटरवरून लांबच्या रस्त्यानं नोकरीला जात असाल, तर अशीच एक डबी तुमच्याही पर्समध्ये असू द्या.