कोशिंबीर : आधी पाणी, मग लिंबू



'सॅलड' म्हटले की ते हॉटेलात काचेच्या भांड्यातून येणारे, आणि 'ड्रेसिंग' म्हटले की नाशिकच्या मोठ्या दुकानातली महागडी बाटली, असा आपला समज असतो. खोडाळ्याच्या बाजारातून पिशवीत काकडी, मुळा, कांदा घेऊन येणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? पण ड्रेसिंग म्हणजे तरी काय? काहीतरी आंबट, काहीतरी तेलकट, मीठ आणि चवीला तिखट-गोड. आपल्या कोशिंबिरीत लिंबू किंवा दही असते, दाण्याचे कूट असते, वरून चमचाभर फोडणी असते. तेही ड्रेसिंगच आहे. नाव घरचे असल्यामुळे त्याला भाव नाही, इतकेच.

जव्हार-मोखाड्याच्या वाचकाला आहारावर सांगताना जपून सांगावे लागते. 1992-93 साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीची बालके कुपोषणाने दगावली आणि आपल्या भागाचे नाव देशभर झाले. पुढे 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, 2015 पासून गरोदर व स्तनदा मातांसाठी अमृत आहार योजना आली. तेव्हा आधीच स्पष्ट सांगतो : कोशिंबिरीने कुपोषण हटत नाही. त्याला पोटभर अन्न, डाळ, अंडी, तेल लागते, आणि हाताला काम लागते. पण जे ताटात पडते त्यातले अंगाला किती लागते, हा हिशेब आपल्या हातात आहे.

नागलीच्या भाकरीत, डाळीत, पालेभाजीत लोह असते. मात्र धान्यभाजीतले लोह शरीर फार थोडे उचलते. त्याच जेवणात लिंबू, आवळा, कैरी किंवा टोमॅटो असला की त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे ते जास्त शोषले जाते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला की शोषण घटते. आपल्याकडे नेमके हेच होते. लिंबू पाहुण्यांसाठी आणि चहा रोजचा! चहा तासाभराने घ्यावा. अंगात रक्त कमी असलेल्या बहिणींनी दवाखान्यातील लोहाच्या गोळ्या बंद करू नयेत. फक्त त्या चहासोबत घेऊ नयेत. लिंबू पदार्थ चुलीवरून उतरल्यावर पिळावे, कारण 'क' जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते.

आता तेलाचे. गाजरातले आणि हिरव्या पाल्यातले जे द्रव्य शरीरात 'अ' जीवनसत्त्व होते, ते तेलातुपाशिवाय नीट अंगी लागत नाही. म्हणून कोशिंबिरीतली फोडणी किंवा कूट ही चैन नव्हे. आपल्या डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत तर खुरासणी पिकते. तिचे तेल आपण खातो, चटणीही करतो, पण कोशिंबिरीत घालायचे मनात येत नाही. करून पाहा : वाटीभर खुरासणी मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. गार झाल्यावर चार सुक्या मिरच्या, सात-आठ लसूण पाकळ्या व मीठ घालून कुटा. दोन चमचे पूड वाटीभर दह्यात कालवली की झाले खुरासणीचे ड्रेसिंग. मुळ्याचा कीस, त्याचाच कोवळा पाला बारीक चिरून आणि एक कांदा त्यात घाला. दही नसेल तर लिंबू व दोन चमचे पाणी. रंग काळपट येतो, मुले आधी नाक मुरडतात. मग मागून घेतात.

पावसाळी काकडी असेल तर ती चोचवून घ्या, हलके पिळा. त्यात दाण्याचे कूट, हिरवी मिरची, लिंबू, चिमूटभर साखर आणि वरून जिरे-हिंगाची फोडणी. मीठ अगदी ताटात वाढताना. मीठ आधी घातले की काकडीला पाणी सुटते आणि सगळे लिबलिबीत होते. पिळलेले पाणी फेकू नये, भाकरीचे पीठ त्यात मळावे. कोबी-गाजरासाठी झाकणाच्या बाटलीत एक चमचा लिंबाचा रस, दोन चमचे तेल, मीठ, मिरपूड व गुळाचा खडा कुस्करून घाला आणि जोरात हलवा. तेल-रस एकजीव झाले की लगेच ओता, ठेवले तर पुन्हा वेगळे होतात. उन्हाळ्यात लिंबू महागते, तेव्हा कैरी किसावी किंवा चिंचेचा कोळ घ्यावा; आंबटपणा मिळेल, मात्र 'क' जीवनसत्त्व कैरीत, चिंचेत फारसे नाही.

एवढे सांगून खरी अडचण सांगतो, ती पाण्याची. मध्य वैतरणा धरण आपल्या मोखाडा तालुक्यात, पाणी जाते मुंबईला, आणि मार्च-एप्रिलनंतर आपल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहणे. कच्ची भाजी धुतली ती गढूळ पाण्यात, तर कोशिंबिरीतून जुलाबच वाढायचे. मिठाच्या पाण्याने जंतू मरत नाहीत. भाजीची माती साध्या पाण्याने काढावी. शेवटचे धुणे मात्र उकळून गार केलेल्या, किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारे क्लोरिनचे औषध सांगितल्या प्रमाणात घातलेल्या पाण्याने करावे. तेवढेही स्वच्छ पाणी नसेल त्या दिवशी कोशिंबीर करू नये. भाजी शिजवावी आणि ताटात लिंबू पिळावे. लहान मुलांना व गरोदर बाईला मोड आलेले मूगही वाफवूनच द्यावेत.

14 एप्रिलच्या जेवणावळीत ही काळजी दुप्पट हवी. भर उन्हाळा, दोनशे पाने, आणि सकाळी आठला चिरलेली काकडी दुपारी दोनला वाढायची! तसे करू नये. चिरणे पंगत बसण्याआधी तासभर. दही मंडपात उघडे ठेवू नये. हात साबणाने धुतलेल्यांनीच कालवावे. चिरायला तरुण मुलांना बसवावे. मिरवणुकीत नाचणाऱ्या हातांना विळी जड जात नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये मोठ्या माणसासाठी दिवसाला 400 ग्रॅम भाज्या व 100 ग्रॅम फळे सुचविली आहेत. मजुरीवर चालणाऱ्या घरात तेवढे जमणे कठीण, पण वाटीभर कोशिंबिरीने त्यात शंभरेक ग्रॅमची भर पडते.

एक सूचना राहिली. 'कच्चे चांगले' म्हणून रानातली प्रत्येक भाजी कच्ची खाऊ नये. शेवळे, लोत कच्ची असताना घशाला खाजतात. शेवळे काकडे घालून शिजवतात ते उगीच नव्हे. आणि खुरासणीची पूड एका वेळी आठवड्यापुरतीच कुटावी, तेलकट असल्याने ती लवकर खवट होते.