त्यांचे तीर्थ, आमची दारू

आमच्या मालवणकडची माणसे नाशिकला पूर्वीही जात. रामकुंडात बुडी मारावी, काळ्या रामाचे दर्शन घ्यावे, त्र्यंबकेश्वरी जाऊन राहिलेला विधी उरकावा आणि गोदावरीचे पाणी गडूत भरून घरी आणावे, असा त्यांचा बेत असे. हल्लीही माणसे नाशिकला जातात आणि तीर्थासाठीच जातात. तीर्थाचा रंग तेवढा बदलला आहे.

आमच्या तालुक्यातील काही सुशिक्षित मंडळींनी येत्या फेब्रुवारीत अशी एक सहल योजिली आहे. त्यांत दोघे डॉक्टर आहेत, एक बँकेतले साहेब आहेत, एक आंब्याचे बडे बागायतदार आहेत, आणि सांगायला संकोच वाटतो, पण माझ्याच पेशातले तिघे गुरुजीही आहेत. सहलीचा छापावयाचा कागद शुद्धलेखन पाहण्यासाठी माझ्याकडे आला. ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करून मी तो परत केला. पण त्या कागदात शुद्धलेखनाच्या पलीकडचा जो घोटाळा होता, तो समासात दुरुस्त करता येण्याजोगा नव्हता. त्यासाठी दिवाळी अंकाची पाने लागतात.

बेत मोठा नेटका आहे. कणकवलीला रात्रीची गाडी धरायची, सकाळी मुंबईच्या अलीकडे उतरायचे आणि मोटारीने कसारा घाट चढून नाशिक गाठायचे. पहिला दिवस गंगापूर धरणाच्या अंगाचे मळे, दुसरा दिवस दिंडोरी, तिसरा विंचूर. जानेवारी ते मार्च हा द्राक्षे काढण्याचा हंगाम, म्हणून फेब्रुवारी निवडला. त्या दिवसांत पाहुण्यांना लाकडी पिंपात उतरून पायांनी द्राक्षे तुडवावयास मिळतात. मग चाखण्याचा विधी. पेला दांडीला धरावा, पोटाला धरू नये. आधी रंग पाहावा, मग पेला फिरवून वास घ्यावा, मग घोटभर तोंडात घोळवावी. गिळायची नसेल तर थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते. शेनिन ब्लां कोणती, शिराझ कोणती, कशात पेरूचा वास येतो नि कशात मिऱ्याचा, हे सांगायला एक जाणकार सोबत असतो. कागदाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत वाक्य आहे: ‘ही मद्यपानाची सहल नसून सांस्कृतिक अभ्यासदौरा आहे.’

माझे भांडण आहे ते या शेवटच्या वाक्याशी.

कोणी पिऊ नये असा उपदेश करायला मी बसलेलो नाही. ते काम गडकऱ्यांनी माझ्यापेक्षा शतपट चांगले केले. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले १९१९ साली. त्यातले तळीरामाचे आर्यमदिरामंडळ आठवा. चारचौघांनी जमून, नियम करून, भाषणे ठोकून प्यायले म्हणजे पिण्याला प्रतिष्ठा येते, हे मर्म त्या तळीरामाला पुरते कळले होते. आमच्या सहलीच्या कागदात आणि त्या मंडळात मला एवढाच फरक दिसतो की, तळीरामाने आपल्या सभेला अभ्यासदौरा म्हटले नाही.

नाशिकच्या द्राक्षमळेवाल्यांवरही माझा राग नाही. त्यांनी कष्ट केले आहेत. १९८० च्या दशकात नारायणगावला शामराव चौगुले यांनी फ्रेंच धर्तीची फसफसणारी वाइन काढून दाखवली, तेव्हा लोक हसले होते. राजीव सामंत यांनी १९९७ साली गंगापूरच्या माळावर वाइनची द्राक्षे लावली आणि वाइनच्या जोरावर त्या भागाचा नकाशाच पालटला. सरकारही त्यांच्या पाठीशी उभे राहिले. २००१ साली द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण झाले आणि उत्पादन शुल्कात सूट मिळाली. पुढे वाइनवरच्या वीस टक्के विक्रीकरापैकी सोळा टक्के कारखान्याला परत करण्याची योजनाही आली. शेतमालाला भाव मिळावा, हे सरकारचे कारण होते. कारण चांगले आहे. मी ते जसेच्या तसे उचलतो आणि मालवण, सावंतवाडी, दोडामार्गच्या डोंगरात घेऊन येतो. बघा बरे, इथे त्याचे काय होते ते!

मार्च उजाडला की माझ्या वर्गातले मागचे दोन बाक रिकामे पडतात. मुले काजू वेचायला गेलेली असतात. बी पिळून काढायची, पिशवीत टाकायची आणि बोंडू झाडाखाली फेकायचा. एका किलो बीमागे पाच ते आठ किलो बोंडू निघतो. म्हणजे जे विकले जाते त्याच्या कितीतरी पट माल मातीत जातो. त्यावर माशा घोंघावतात, गुरे खातात, उरलेला कुजतो. त्या आंबूस वासाने आमचे डोंगर एप्रिलभर दरवळत असतात. पण त्या वासात पेरू आहे की मिरे, हे हुंगायला कोणी जाणकार येत नाही. आणि परदेशातून, विशेषतः आफ्रिकेतून, बी येऊन पडली की इथल्या बीचाही भाव बसतो. मग त्या मुलाची आई वर्षाच्या वह्यांचे पैसे कशातून काढणार?

आता कोस दोन कोस दक्षिणेला सरका. तेच झाड, तीच जांभ्याची माती, तोच बोंडू. पण मध्ये गोव्याची हद्द लागते. तिथे बोंडू पायांनी तुडवतात, रस आंबवतात, भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. २००९ साली गोव्याच्या काजूफेणीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोवा सरकारने तिला वारशाचे पेय म्हणून गौरवले. आमच्या बाजूचा बोंडू टेंपोत भरून तिकडे जातो, मातीच्या मोलाने विकला जातो आणि तिकडे वारसा होतो. त्या वारशाची बाटली घेऊन पत्रादेवी ओलांडून परवान्यावाचून इकडे या, म्हणजे नाक्यावर तुम्ही चोर! बोंडू जाताना त्याला कोणी अडवत नाही. बोंडवाचा अर्क परत येताना मात्र त्याला गाडीतून खाली उतरवतात.

आणि त्या मुलाच्या बापाने आपल्याच परसात परवान्यावाचून भट्टी लावली तर? मग छापा, मडकी फुटलेली, खटला, आणि वर्तमानपत्रात मळलेल्या बनियनमधला फोटो. द्राक्षे तुडवणाऱ्या डॉक्टरांचाही फोटो छापून येईल, पण तो रविवारच्या पुरवणीत. पाय दोघांचेही रसाने माखलेले. एकाने तुडवण्यासाठी पैसे मोजले म्हणून तो रसिक झाला. दुसऱ्याला तुडवून चार पैसे मिळणार होते म्हणून तो गुन्हेगार झाला.

माडीची कथा तर याहून जुनी. या किनाऱ्यावर भंडाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या माड छेदला. १८७८ चा मुंबईचा अबकारी कायदा आला, सरकारने माडामाडावर कर बसवला आणि कंत्राटी कारखान्यातल्या दारूची सोय पाहून गावच्या माडीचा गळा आवळला. इंग्रज गेले, १९४९ चा दारूबंदी कायदा आला. तो कायदा आजही महाराष्ट्रात उभा आहे, आणि त्याच्या अक्षराप्रमाणे प्रत्येक पिणाऱ्याच्या खिशात परवाना हवा. माडीत मद्यार्क वाइनच्या निम्म्याहूनही कमी. तरी माडी पिणारा गावात ‘बेवडा’ ठरतो आणि वाइन पिणारा ‘शौकीन’.

‘वाइन म्हणजे दारूच नव्हे,’ असे यावर सांगण्यात येते. २०२२ च्या जानेवारीत मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा हे वाक्य फार गाजले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, गदारोळ झाला, निर्णय अंमलात यायचा राहिला; वाक्य तेवढे मागे उरले. वाइनमध्ये बारा-तेरा टक्के मद्यार्क असतो आणि यकृताला फ्रेंच येत नाही. फळाचा रस म्हणून वाइन निर्दोष असेल तर बोंडू हेही फळच आहे. आणि मद्यार्क म्हणून फेणी दोषी असेल तर वाइनही निर्दोष सुटत नाही. दोन्हींपैकी कोणतेही एक माप घ्या. पण सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे, हे चालणार नाही.

त्याच वर्षी मंत्रिमंडळाने आणखी एक निर्णय घेतला. काजूबोंडे आणि मोहाची फुले यांपासून स्थानिक पातळीवर होणारे मद्य ‘देशी’च्या वर्गातून काढून ‘विदेशी मद्य’ या वर्गात घातले. हेतू असा की, मालाला चांगले गिऱ्हाईक व किंमत मिळावी. हेतूला माझा नमस्कार. पण वाचकहो, तो शब्द जरा जिभेवर घोळवून पाहा. आमच्या डोंगरातला बोंडू आणि आदिवासींच्या रानातला मोह यांना प्रतिष्ठा द्यायची, तर आधी त्यांना विदेशी म्हणावे लागते! देशी राहून मान मिळणार नाही, हे सरकारनेच वर्गवारी करून सांगून टाकले.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून हे मला ठाऊक आहे. पात्राच्या हाती दांडीचा पेला दिला की वाचक समजतो, गृहस्थ विचारी आहे, आता काही तरी खोल बोलेल. पात्राने पावशेर मारली असे लिहिले की वाचक समजतो, हा पुढच्या प्रकरणात बायकोला मारणार. प्रत्यक्षात मारणारे दोन्हीकडे असतात. माझ्या वर्गात दारूने घर बसलेली पोरे आहेत. त्यांतली सगळीच काही झोपडीतून येत नाहीत. वाइनच्या घरातला आवाज भिंतींमुळे बाहेर येत नाही, इतकेच.

कोणी म्हणेल, मास्तर प्रांताभिमानाने बोलतात. काजू आपला, द्राक्ष परके. तसे मुळीच नाही. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, नाशिकच्या वाइनची द्राक्षे युरोपातून आली. दोघेही पाहुणे आणि दोघेही इथे रुजले. माझी तक्रार एवढीच की, एका पाहुण्याला पाट मांडला आणि दुसऱ्याला उकिरड्यावर बसवला.

मग करायचे काय? वेंगुर्ल्याला १९५७ पासून फळ संशोधन केंद्र आहे. ‘वेंगुर्ला’ नावाने त्यांनी काढलेल्या काजूच्या जाती देशभर लागल्या, बी सुधारली. आता बोंडवाची पाळी. त्यात संत्र्याच्या कितीतरी पट ‘क’ जीवनसत्त्व असते, पण तो काही तासांत आंबू लागतो. म्हणून रस काढण्याची सोय गावातच हवी. त्याचे सरबत करा, पाक करा. आणि ज्याला गाळायचे असेल त्याला गावच्या सोसायटीमार्फत, तपासणीसकट, परवडेल अशा दराने भट्टीचा परवाना द्या. द्राक्षाला जी करमाफी दिली, तीच बोंडवाला द्या. आणि हे जमणार नसेल, सर्व मद्य वाईट असे सरकारचे खरोखर मत असेल, तर नाशिकची करमाफीही काढून घ्या. मी दोन्हींपैकी कशालाही टाळ्या वाजवीन.

सहलवाल्या मंडळींनी नाशिकला खुशाल जावे. पण एप्रिलमध्ये एक दिवस दोडामार्गच्या डोंगरातही यावे. प्रवेशशुल्क नाही. पायाखाली बोंडू इतका असेल की तुडवल्याशिवाय चालताच येणार नाही. रंग पाहा, वास घ्या, मन मानेल तर रस जिभेवर घोळवा. घशाला खरखर लागेल, ती सोसा. आणि मग ज्या बाईच्या बागेत तुम्ही उभे असाल तिला सांगा की, नाशिकला जे केले तो अभ्यास होता आणि तिच्या नवऱ्याने जो केला तो गुन्हा. ती जे उत्तर देईल ते मात्र थुंकायला भांडे शोधू नका. गिळा.