केंद्रक नसलेली पेशी आणि आपली जबाबदारी

वैद्यकीय महाविद्यालयाच्या पहिल्याच वर्षी रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना आपण शिकलो की, मनुष्याच्या परिपक्व तांबड्या पेशीस केंद्रक नसते. परीक्षेपुरते हे वाक्य सर्वांनीच पाठ केले. त्याचा खरा अर्थ मला उमगला तो फ्रीगंजमध्ये दवाखाना सुरू करून बरीच वर्षे लोटल्यावर, आणि तोही स्वतःच्या चुकीतून.

झाबुआ जिल्ह्यातून मजुरीसाठी उज्जैनला आलेल्या एका कुटुंबातील चार वर्षांचा मुलगा माझ्याकडे येत असे. चेहरा फिकट, वरचेवर ताप, हातपाय दुखतात म्हणून रात्रभर रडणे. हिमोग्लोबिन ७ ग्रॅम. मी लोहाचे औषध दिले, जंतांचे दिले, पालेभाजी खाऊ घालण्याचा उपदेश आईला केला. असे दीड वर्ष चालले. पुढे डोळ्यांतील पिवळेपणा आणि वाढलेली प्लीहा पाहून हिमोग्लोबिनची इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करविली, तेव्हा निदान झाले सिकलसेलचे. दोष आईच्या स्वयंपाकात नव्हताच. घरातील मंडळी मात्र तिलाच दोष देत होती. तिची थोरली मुलगी अशाच आजारात दगावली होती. त्या दोषारोपाला माझ्या उपदेशाने नकळत दुजोराच दिला, ही खंत आजही मनात आहे.

रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींतील गोल ठिपक्यास केंद्रक हे नाव दिले. मिलिमीटरच्या काही सहस्रांश व्यासाच्या या ठिपक्यात सुमारे २ मीटर लांबीचा डीएनएचा धागा ४६ गुणसूत्रांच्या रूपाने सामावलेला असतो. पेशीने कोणते प्रथिन, केव्हा आणि किती बनवावे, याची आज्ञा येथूनच सुटते. अस्थिमज्जेतील कोवळ्या तांबड्या पेशीलाही केंद्रक असते. हिमोग्लोबिन घडविण्याचे संदेश देऊन झाले की ती पेशी आपले केंद्रक बाहेर टाकते आणि रक्तप्रवाहात उतरते. तेथील सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तिला नवी आज्ञा मिळत नाही; जे लिहून दिले गेले तेच घेऊन ती वावरते.

सिकलसेलमध्ये अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेले असते. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी झाला की असे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटते, पेशी विळ्याचा आकार घेते, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात. अशा पेशी १० ते २० दिवसांतच नष्ट होतात. लोहाच्या बाटल्यांनी ते अक्षर दुरुस्त होणार नाही. रुग्णास लोहाची कमतरताही असू शकते. पण ती सिद्ध करून मगच लोह द्यावे.

हा विषय आपल्यासाठी नवा नाही. नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा शोधनिबंध १९५८ मध्येच ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला होता. विदर्भात आदिवासींबरोबरच अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांतही हा विकार आढळतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभ तर १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशातील शहडोल येथून झाला. ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. तरीही ‘हा झाबुआ-अलिराजपूरचा आजार’ असे म्हणून आपण शहरी डॉक्टर निश्चिंत राहतो. सोयाबीनच्या कापणीला, इमारतींच्या आणि २०२८ च्या सिंहस्थाच्या कामांवर येणारे मजूर आपली मुले घेऊन येतात, आणि ती मुले आपल्याच दवाखान्यांच्या पायऱ्या चढतात.

काही सहकारी म्हणतात, गरीब रुग्णास तपासण्यांचा खर्च कशाला? त्यांना माझे नम्र उत्तर असे की, सोल्युबिलिटीची प्राथमिक चाचणी अगदी स्वस्त असून काही मिनिटांत होते. दीड वर्षाची निरुपयोगी औषधे त्याहून कितीतरी महाग पडतात. वेळीच निदान झाल्यास पेनिसिलिन, न्यूमोकॉकसची लस, फॉलिक आम्ल आणि हायड्रॉक्सियुरिया यांनी मुलाचे आयुष्य पालटते. अस्थिमज्जेच्या मूळ पेशींतील जनुकात बदल करणाऱ्या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली, हे अभिमानास्पद विज्ञान आहे. पण अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. आपल्या मजुराच्या मुलासाठी आज उपयोगी पडेल ती आपली शंका घेण्याची सवय.

माझे म्हणणे एवढेच. लोहाच्या उपचाराने महिनाभरात हिमोग्लोबिन वाढले नाही, तर दुसरी बाटली लिहिण्यापूर्वी ही चाचणी करावी. निदान झाल्यावर आईवडिलांना एकत्र बसवून सांगावे की, मुलाच्या केंद्रकात २३ गुणसूत्रे आईची आणि २३ पित्याची असतात. दोघांकडून सदोष जनुक आल्याखेरीज हा आजार होत नाही. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळास हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हेही स्पष्ट करावे. नाहीतर तपासणीचे कार्ड विवाहाच्या वेळी मुलीपुरतेच मागितले जाईल, मुलाचे कोणी पाहणारही नाही.

तो मुलगा हायड्रॉक्सियुरियावर असून आता शाळेत जातो. निदानाच्या दिवशी मी त्याच्या पित्यालाही आत बोलावून हे सारे समजावले. आई काही बोलली नाही; पण पुढच्या खेपेस पिता मुलाला स्वतः घेऊन आला.

हे काम आपल्यापैकी प्रत्येकाला आपल्या खोलीत बसून करता येण्याजोगे आहे. ते आपण करावे, ही विनंती.