फॉरमॅटची घाई

बदलापूर पूर्वेच्या शिरगावात पावसाळ्यात वीज गेली तर त्याची बातमी होत नाही. मात्र ज्या घरात नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर 'संगणक बंद करू नका' अशी सूचना झळकत असते, त्या घरावर तो आघातच असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार काढून घेतला आणि असंख्य लोकांना विंडोज ११ कडे वळावे लागले. हे स्थित्यंतर पाच-दहा मिनिटांत उरकत नाही. मध्येच वीज गेली की यंत्र धड जुने राहत नाही आणि धड नवे होत नाही. मग घरातले कोणी तरी ते उचलून दुरुस्तीच्या दुकानात नेते आणि तेथे बहुधा एकच निदान ऐकावयास मिळते : 'फॉरमॅट मारावा लागेल.'

आमचा आक्षेप या निदानाला आहे. नवी प्रणाली बसविताना जुनी तत्काळ पुसली जात नाही. ती 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली असते. काम मध्येच खंडित झाले तर पुष्कळदा यंत्र स्वतःच जुन्या प्रणालीवर परत येते. त्याला वेळ लागतो, आणि आपण तर टक्केवारीचा आकडा अर्धा तास हलला नाही की बटण दाबून मोकळे होतो! यंत्र लागोपाठ दोन-तीनदा सुरू होऊ शकले नाही, तर दुरुस्तीचे पर्याय पडद्यावर आपोआप येतात. तेही निष्फळ ठरल्यास दुसऱ्या संगणकावर तयार केलेला आठ जीबीचा पेनड्राइव्ह लावून दुरुस्ती करता येते. किंवा लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून निदान फायली तरी बाहेर काढता येतात. कारण बिघडलेली असते ती प्रणाली. हिशेब, पत्रे, छायाचित्रे बहुधा जागच्या जागीच असतात. त्यांचा नाश होतो तो फॉरमॅटने.

१९ जुलै २०२४ ची घटना या संदर्भात आठवावी. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीतील एका सदोष सुधारणेने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे ठप्प झाली, आणि आपल्याकडील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यावर तज्ज्ञांनी सुचविलेला उपाय कोणता होता? यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू करावयाचे आणि एक फाईल काढून टाकावयाची. फक्त जेथे डिस्क कुलूपबंद होती तेथे ४८ अंकी किल्ली शोधताना धावपळ उडाली. विंडोज ११ च्या अनेक यंत्रांवर हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते. ती किल्ली आधीच कागदावर उतरवून ठेवली पाहिजे. संगणक बंद पडल्यावर त्याच संगणकात ती शोधणे म्हणजे कपाटाची चावी कपाटातच ठेवण्यासारखे आहे.

दुकानदाराला एकट्याला दोष देणे अन्यायाचे होईल. फायली वाचविण्यात दोन-तीन तास जातात आणि त्याचे पैसे द्यावयास ग्राहक राजी नसतो; त्याला यंत्र संध्याकाळपर्यंत हवे असते. डिस्कच निकामी झाली असेल तर गोष्ट वेगळी. ग्राहकानेही काही पथ्ये पाळावीत. डेस्कटॉप संगणक घरच्या इन्व्हर्टरवर असेल, तर इन्व्हर्टरवरील यूपीएसची कळ चालू आहे ना, एवढे पाहावे. नाही तर इन्व्हर्टर असूनही वीज जाताच संगणक बंद पडतो. लॅपटॉप पूर्ण चार्ज झाल्यावाचून आणि फायलींची प्रत बाहेर काढून ठेवल्यावाचून या कामास हातच घालू नये.

परंतु महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र लाखोंच्या हाती आहे, आणि त्यांपैकी किती जणांनी शिकताना बंद पडलेला संगणक पुन्हा उभा केला असेल? अभ्यासक्रमात हे एक प्रात्यक्षिक सक्तीचे करावे. आणि दुरुस्तीच्या प्रत्येक पावतीवर 'माहितीची प्रत काढली' किंवा 'ग्राहकास प्रत नको' अशी एक ओळ छापावी. तिच्याखाली ग्राहकाची सही झाल्यावाचून कोणत्याही दुकानाने फॉरमॅटला हात लावू नये.